मऊ शिशाच्या शोधात

(दृश्य : लोखंडी कढईतलं शिसं, अगदी जवळून. आवाज फक्त भात्याचा.)

शिसं 327 अंशांना वितळतं. तोवर कढईतला तुकडा हट्टाने तसाच बसून राहतो. मग एक कड खचते आणि बघता बघता सगळ्याचं पाणी होतं. वर राखाडी मळी धरते. मामा पळीने ती कडेला ओढतात, मेणाचा खडा टाकतात, भडका उठतो. ढवळतात, पुन्हा मळी काढतात. आता खाली जे चकाकतंय, त्याची गोळी होईल.

मामांचं दुकान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला. दुकान परवान्याचं आहे. परवाना चौकटीत घालून गणपतीच्या फोटोशेजारी लावलाय. बंदुकीची नळी साफ करणं, घोड्याची स्प्रिंग बदलणं, दस्त्याला नवं लाकूड घालणं आणि ठासणीच्या बंदुकीसाठी गोळ्या ओतून देणं, ही त्यांची कामं. ओतकाम वडिलांकडून आलं. साचाही वडिलांचाच, पितळी, सांडशीसारखा उघडणारा.

(दृश्य : साचा उघडतो, मिटतो. मग भिंतीला टेकवलेली बंदूक.)

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी बंदुकीची दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, गजाने ठासायचं, नळीच्या मागच्या कानावर, म्हणजे छोट्या नळकांड्यावर, ठिणगी देणारी टोपी चढवायची. एवढं केल्यावर एक बार. दुसऱ्या बारासाठी सगळं पहिल्यापासून.

असली बंदूक आज कोण ठेवतं? शेतकरी ठेवतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच शेतकऱ्याला दुसऱ्या जातीची बंदूक मिळू शकते. म्हणजे ही बंदूक कुणी हौसेने धरून ठेवलेली नाही. कायद्याने शेतकऱ्याच्या हाती पहिली दिलेली बंदूक हीच आहे.

(दृश्य : कणकुंबीकडचं रान, सकाळचं धुकं. रताळ्याच्या वाफ्यात उकरलेले खड्डे. चिखलात खुरांचे ठसे.)

जवळच भीमगड अभयारण्य, त्याला लागून गोव्यातलं म्हादई अभयारण्य. रान कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं, हे जनावराला सांगणारं काही मधे नाही. रताळी धरली की डुकरं येतात. भात पोटरीला आला की गवे. अस्वलाची भीती वेगळीच, कारण ते पिकाला नाही, माणसाला धरतं.

शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून बहुतेक रात्री निघतो तो नुसता दारूचा बार, गोळीविना, आवाजासाठी. रानातलं जनावर परवानगीशिवाय मारायला बंदी आहे, आणि पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. पण अंगावर चालून आलेल्या जनावरापासून जीव वाचवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही मान्य केलेलं आहे. त्या एका वेळेसाठी घरात मोजक्या गोळ्या असतात. मोजक्या असल्या तरी त्या चांगल्याच असाव्या लागतात, आणि चांगली गोळी मऊ शिशाची.

ते शिसं आणायचं कुठून?

आपल्या देशात खाणीतून निघणारं शिसं मुख्यतः राजस्थानचं, आगुचा, दरीबा, झावर या पट्ट्यातलं. त्याचा घाऊक भाव गेली काही वर्षं किलोला पावणेदोनशे-दोनशेच्या घरात फिरतोय. पण त्या भावाने माल टनात मिळतो. मामांना वर्षभरात लागतं ते पोत्याच्या बुडाशी राहील एवढं. दोन-पाच किलो मागायला गेलं की भाव चढतो, नाहीतर समोरचा मानच हलवतो. म्हणून मामा बेळगावच्या भंगाराच्या दुकानात जातात.

(दृश्य : भंगाराचं दुकान. तराजू, तांब्याच्या तारांचे गुंडाळे, कोपऱ्यात शिशाचा ढीग.)

“मामा, मऊ आलंय बघा की.”

“कुठलं वो हे?”

“टायरवाल्याकडचं.”

मामा उत्तर देत नाहीत. एक तुकडा उचलतात आणि अंगठ्याचं नख दाबून ओढतात. कॅमेरा इथे मुद्दाम थांबवलाय, नखाकडे बघा. चरा जेमतेम उमटला. तुकडा फरशीवर टाकला, तर खणकन वाजला. मऊ शिसं असं वाजत नाही, ते दबकन पडतं. मामांनी तुकडा परत ढिगात ठेवला.

गाडीच्या चाकाचा तोल सांभाळायला रिमला जे छोटे तुकडे लावतात, त्यांच्यात अँटिमनी नावाचा धातू मिसळलेला असतो. त्याने शिसं कडक होतं. थंड होताना ते कमी आकसतं, त्यामुळे त्याच साच्यातून गोळी किंचित मोठी निघते आणि नळीत अडकते. शिवाय निपाणी-संकेश्वरपासून बेळगावपर्यंत हायवेवरच्या टायरच्या दुकानांत आता जे तुकडे मिळतात, त्यांत जस्ताचे आणि लोखंडाचेही असतात. लोखंड वर तरंगतं, काढून टाकता येतं. जस्त 420 अंशांजवळ वितळतं. आच जरा वाढली की ते शिशात उतरतं आणि मग त्या कढईतून एक गोळी धड पडत नाही. मामा आच कमी का ठेवतात, त्याचं उत्तर हे.

(दृश्य : लाकडी खाने, त्यांत छपाईचे जुने खिळे. मराठी अक्षरं उलटी दिसतात.)

हे दृश्य त्याच दुकानात मिळालं. बंद पडलेल्या छापखान्याचे खिळे. बेळगावात मराठी छपाईची परंपरा जुनी, एकेक अक्षर उचलून ओळ बांधणारे जुळारी इथे पिढ्यान्‌पिढ्या झाले. ऑफसेट छपाई आली आणि हे सगळं किलोवर विकायला निघालं. खिळ्यांच्या धातूत अँटिमनी आणि कथील दोन्ही असतं, तेही भरपूर, कारण अक्षराची कड झिजून चालत नाही. गोळीसाठी तो धातू कामाचा नाही. कामाचा नाही, हेच बरं. ‘ळ’ आणि ‘ऱ्हा’ कढईत घालण्यापेक्षा कुठल्यातरी वाचनालयाच्या कपाटात ठेवलेले आम्हाला जास्त आवडतील.

बॅटरीला मामा हात लावत नाहीत, आणि कुणी लावू नये. देशातलं बहुतेक शिसं बॅटऱ्यांतच जातं, त्यामुळे सगळ्यात सहज नजरेला पडतं तेच. पण पट्ट्यांवर आम्ल असतं, मिश्रणात आर्सेनिक असू शकतं, आणि अशी मळी ओली झाली तर प्राणघातक वायू सुटतो. जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायची, बॅटरी कचऱ्याचे 2022 चे नियमही हेच सांगतात.

मग मऊ शिसं असतं कशात? जुन्या टेलिफोन केबलच्या वेष्टनात. एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीत बसवलेल्या पत्र्यात, दवाखाना नवा बांधताना तो निघतो. जुन्या नळांत. मासेमारीच्या जाळ्याच्या वजनांत, घटप्रभेच्या काठावरच्या एखाद्या घरात जाळं जीर्ण झालं की ती मणी सुटी होतात. पण यातलं काहीही दर महिन्याला येत नाही. भंगारवाल्याशी ओळख ठेवावी लागते, चहाला थांबावं लागतं, आणि आलं की त्याच दिवशी जाऊन उचलावं लागतं. केबलचं शिसं मामा पावतीशिवाय घेत नाहीत. ती केबल कुणाच्या शेताखालून उपटलेली असेल, सांगता येत नाही.

(दृश्य : केबलचं चिरलेलं वेष्टन. नखाने ओढलेली लांब, चमकदार रेघ.)

ही रेघ बघा. अशी रेघ उमटली की मामा भाव करत नाहीत.

(दृश्य : पुन्हा दुकान. ओतकाम.)

आधी सगळं शिसं पत्र्यावर पसरून वाळवायचं. कढईत पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उडून तोंडावर येतं. पळीसुद्धा आधी आचेवर धरतात. साच्याचं टोक वितळलेल्या शिशात बुडवून तो तापवतात, कारण थंड साच्यात गोळीला सुरकुत्या पडतात. पहिल्या चार-पाच गोळ्या तशाच निघतात, त्या परत कढईत. साचा फार तापला तर गोळी पांढुरकी, दाणेदार दिसते. मग मामा थांबतात, साचा उघडा धरून वाऱ्यावर हलवतात.

नीट बघा, पळी साच्याच्या तोंडाला लागलेली आहे. धार तुटू द्यायची नाही. भोक भरल्यावरही वर थोडं शिसं उभं ठेवायचं, म्हणजे आतलं आकसताना वरून ओढून घेतं. नाहीतर गोळीच्या पोटात पोकळी राहते आणि पोकळ गोळी सरळ जात नाही. मग मनातल्या मनात आकडे, साचा उघडायचा, गोळी जाड फडक्यावर. शेपूट कातरून परत कढईत. एकेक गोळी सोन्याच्या काट्यावर जाते. हलकी भरली तर तीही परत.

बारा बोअर म्हणजे काय, हे या काट्यावर कळतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. वीस केल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी लहान होते. बारा बोअरची पुरी गोळी भरते साधारण 38 ग्रॅम. चिंधीसह बसायला हवी म्हणून मामांचा साचा जरा लहान आहे. त्यातून किलोला 27-28 गोळ्या सुटतात. मऊ शिसं घाऊक भावाने मिळालं, तर एका गोळीचं शिसं सव्वासहा ते साडेसात रुपयांचं.

शिसं विषारी आहे, त्याची वाफ आणि धूळ अंगात साठत जाते, पोरांना फार लवकर बाधते. मामा उघड्या पडवीत ओततात, ओतताना पोरांना येऊ देत नाहीत, हात धुतल्याशिवाय पाणीही पीत नाहीत.

(दृश्य : खंडेनवमी. बंदुकीला हळद-कुंकू, झेंडूची माळ.)

निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. परत येतात तेव्हा नळीला गंज धरलेला असतो, आणि मामांच्या दाराशी रांग लागते. नवीन पोरगं हे काम शिकायला येत नाही. याचं एक कारण शिसं आहे. जो माल पुढच्या महिन्यात मिळेल की नाही ठाऊक नाही, त्यावर कुणी धंदा कसा मांडावा?

खरं तर मार्ग अवघड नाही. सरकारी खात्यांच्या जुन्या केबलचं शिसं घातक कचऱ्याच्या नियमात येतं, म्हणून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जातं, आणि जावं. तिथे शुद्ध होऊन विटा झाल्या की त्यातल्या चार विटा परवाना असलेल्या कारागिराला घाऊक भावाने, पावतीवर मिळाव्यात. हिशेब वहीत राहील, चोरीच्या केबलचा प्रश्न उरणार नाही, आणि बॅटऱ्या फोडायचा मोह कुणाला होणार नाही.

मामांनी तसा अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलाय, मराठी प्रत सोबत जोडली आहे. परवान्याची झेरॉक्स काढायची राहिली आहे. ती झाली की अर्ज बेळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा आहे.