कुंपण निघालं, हद्द राहिली

[दृश्य: रेल्वे स्टेशनसमोरचा चौक. फरशीत बसवलेली गोल तबकडी.]

तबकडीच्या अलीकडे इटलीतलं गोरित्सिया. पलीकडे स्लोव्हेनियातलं नोवा गोरित्सा. मागचं स्टेशन 1906 सालचं, ऑस्ट्रियाच्या राज्यात बांधलेलं. 1947 मध्ये सरहद्द आखली गेली ती नेमकी या स्टेशनच्या दारातून. स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग. स्टेशन युगोस्लाव्हियाला मिळालं, जुनं शहर इटलीला. जवळच्या मिरेन गावात तर ही रेघ दफनभूमीतून गेली. काही कबरी या देशात, काही त्या.

शहर हातचं गेलं म्हणून युगोस्लाव्हियानं मोकळ्या जागेवर नवं वसवायला घेतलं. आराखडा एडवर्ड राव्हनिकार यांचा. पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएकडे काम करून आलेला हा वास्तुविशारद. रुंद, सावलीचा हमरस्ता आणि हिरवळीत सुट्या उभ्या इमारती. कागदावरचं सगळं काही उतरलं नाही, पण शेजारच्या जुन्या गावाकडे पाठ करून उभं राहिलेलं शहर म्हणजे काय, ते इथे आजही चालता चालता कळतं.

[दृश्य: कुंपण काढतानाची जुनी छायाचित्रं.]

1 मे 2004. स्लोव्हेनियासह 10 देश युरोपीय संघात आले. त्याच वर्षी चौकातलं कुंपण निघालं. पण पासपोर्ट तपासणी 2007 च्या डिसेंबरपर्यंत चालूच होती. त्यामुळे चौकात दोन्हीकडच्या लोकांनी खुशाल गप्पा माराव्यात, घरी जाताना मात्र आल्या बाजूनंच जावं, असा मामला. शिवाय जकात गेली, तसा सीमेवर मालाची कागदपत्रं करून देणाऱ्या गोरित्सियातल्या लोकांचा धंदाही गेला. संघ वाढला की कुणाचं तरी पोट सीमेवरच अवलंबून होतं, हे भाषणांत येत नाही.

आता पैशाची गोष्ट. संघाच्या प्रादेशिक धोरणात सर्वांत मोठी मदत मिळते ती दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांच्या खाली असलेल्या प्रदेशांना. गरीब देश आत आले की सरासरी घसरते, आणि कालपर्यंत मागास असलेला जुना प्रदेश एक रुपयाही न कमावता आकड्यात श्रीमंत ठरतो. 2004 नंतर पूर्व जर्मनीतल्या काही भागांचं तसंच झालं.

स्लोव्हेनियानं यावर आपली वाट काढली. देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन प्रदेश केले. पूर्वेला मोठी मदत चालू राहिली. नोवा गोरित्सा पडलं पश्चिमेत, राजधानी ल्युब्लियानाच्या पंगतीत. राजधानीच्या उत्पन्नाने सरासरी वर गेली, आणि सीमेवरचं हे छोटं शहरही संपन्नांत मोजलं गेलं. इटलीच्या बाजूचा प्रदेशही संपन्नच. नकाशावर एक रेघ इकडची तिकडे झाली की शहराच्या पदरात काय पडणार ते बदलतं, आणि नगररचनाकाराला ती रेघ आखायचा अधिकार नसतो.

[दृश्य: सोचा नदी, काठचा सायकलमार्ग.]

मग उरला तो सीमापार सहकार्याचा छोटा निधी. तो घ्यायला 2011 मध्ये गोरित्सिया, नोवा गोरित्सा आणि शेम्पेतर-व्हर्तोइबा या तीन पालिकांनी मिळून एक संयुक्त संस्था काढली. नदीकाठचे पायवाटांचे आणि सायकलींचे मार्ग जोडणं त्यातलं सोपं काम. खरी परीक्षा आरोग्यसेवेची. सीमेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन रुग्णालयं. पण डॉक्टरांची नोंदणी वेगळी, विमा वेगळा, रुग्णाच्या नोंदींची भाषा वेगळी. म्हणून सुरुवात केली ती मानसिक आरोग्य, स्वमग्नता आणि बाळंतपण या मोजक्या सेवांपासून.

2020 च्या मार्चमध्ये करोना आला आणि चौकात पुन्हा कुंपण उभं राहिलं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इटलीनं स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. 2025 मध्ये ही दोन शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. तेव्हाही सीमेवरची तपासणी चालूच होती.