हिरवं राहणारं धाट

(दृश्य : परभणीचं शिवार, जानेवारी. ज्वारी दाणे भरण्याच्या अवस्थेत.)

रब्बीची ज्वारी मराठवाड्यात पावसावर नाही, ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि काळ्या रानात जी ओल मुरली असेल तिच्यावर फेब्रुवारीपर्यंत निभवायचं. निसवेपर्यंत सगळं ठीक दिसतं. दाणा भरायच्या वेळी ओल तुटते, पानं खालून वाळत जातात आणि खडखड्या हा बुरशीचा रोग येतो.

(दृश्य : लोळलेलं धाट. बुंधा उभा चिरला जातो.)

बुंध्याच्या आत बघा. गर गेलाय, सुटे धागे तेवढे उरलेत. धाग्यांवरचे हे बारीक काळे ठिपके बुरशीचे. असं धाट कणसाचा भार पेलत नाही, आडवं होतं. दाणा बारीक राहतो, कडबा हलका पडतो. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत, त्याला कडब्याचं नुकसान धान्याइतकंच लागतं.

काही ज्वारी मात्र पाण्याचा ताण पडूनही दाणा भरेपर्यंत हिरव्या राहतात. इथिओपियाच्या ज्वारीपासून अमेरिकेत तयार झालेली बी ३५ ही त्यातलीच. पण हा गुण निवडायचा कसा? पाऊस चांगला झालेल्या साली शेतातलं प्रत्येक धाट हिरवंच. पैदासकाराला दुष्काळाची वाट बघावी लागते, आणि आपल्याकडचा दुष्काळ माणसांना पोळल्याशिवाय येत नाही.

(दृश्य : जवाची दोन कणसं, शेजारी शेजारी.)

गुण अंगात असूनही नजरेला दिसत नाही, हीच अडचण. असा डोळ्याआड राहिलेला वारसा कसा असतो, ते जवात फार स्वच्छ दिसतं. जवाच्या कणसात प्रत्येक पेऱ्यावर तीन फुलं. काही वाणांत मधल्याच फुलात दाणा धरतो, म्हणून ओळी दोन. काहींत तिन्हींत, म्हणून सहा. यामागचं मुख्य जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. २००७ साली ते नेमकं हाती लागलं. दोघांचा संकर केला तर पहिली पिढी दोन ओळींकडेच झुकते. दुसऱ्या पिढीत चारांत साधारण एक सहा ओळींचं निघतं. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या पोटात सहा ओळींचं जनुक असतंच, पण नुसत्या नजरेनं ते ठामपणे सांगणं अवघड.

(दृश्य : प्रयोगशाळा. रोपाच्या पानाचा तुकडा; जेलवर उमटलेल्या पट्ट्या.)

ते सांगतो मार्कर, म्हणजे जनुकीय खूण. डीएनएत काही जागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एका वाणात कमी वेळा, दुसऱ्यात जास्त. तेवढाच तुकडा पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्रानं, वाढवायचा, जेल नावाच्या थुलथुलीत थरात घालायचा आणि त्यात वीज सोडायची. आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे राहतो. या रोपाची पट्टी वर, त्याची खाली. आणि इथे दोन्ही पट्ट्या : याला आई-बापांकडून एकेक मिळाली.

खूण म्हणजे जनुक नव्हे, जनुकाच्या शेजारची जागा. शेजार जितका जवळचा, तितकी वारशात दोघांची ताटातूट कमी. तरी खात्रीसाठी दोन्ही अंगांना खुणा घेतात.

ज्वारीच्या दहा गुणसूत्र जोड्यांत हिरवेपणाचे चार मुख्य भाग अशाच खुणांनी सापडले. त्यांना स्टे-ग्रीन १ ते ४ म्हणतात. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत बी ३५ मधले असे भाग आर १६ या रब्बीच्या वाणात आणण्याचं काम झालं. धाट हिरवं का राहतं, याचं कारणही पुढे उलगडलं : फुटवे कमी, पानांचा पसारा कमी, म्हणून फुलोऱ्याआधी पाणी कमी उपसलं जातं आणि दाण्यासाठी ओल उरते. काळ्या रानाला याहून वेगळं काय हवंय!

परक्या वाणाचे नको ते गुण झाडायला संकर पुन्हा पुन्हा मूळ, म्हणजे आपल्याकडच्या, वाणाशी करतात. पहिल्या फेरीत मूळ वाणाचा सरासरी वाटा ७५ टक्के, दुसरीत ८७.५, तिसरीत ९३.७५. दर फेरीला रोप लहान असतानाच पानावरून निवड होते. साल ओलं की कोरडं, हा प्रश्नच उरत नाही. मात्र मालदांडी या रब्बीच्या जुन्या ज्वारीचा टपोरा दाणा, भाकरीची चव आणि कडबा घालवून आलेला हिरवेपणा इथे कुणी पेरणार नाही, आणि पेरूही नये.

(दृश्य : चाचणीचे वाफे, कणसांना बांधलेल्या कागदी पिशव्या.)

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी शक्ती असे सरळ वाण दिले. त्यांचं बी शेतकऱ्याला घरचं धरता येतं. या खुणा अशाच वाणांत उतरायला हव्यात. आणि चाचण्या भारी जमिनीपुरत्या नकोत, बालाघाटाच्या हलक्या बरड रानातही घ्याव्यात. ओल सगळ्यात आधी तिथेच तुटते.