मॅरिकोपाच्या कोर्टापासून वॉशिंग्टनपर्यंत

आपल्याकडे न्यायाधीशाचा रस्ता कसा असतो, हे इथे बसलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. तालुक्याच्या कोर्टातले जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब केंद्राची न्याय संहिताही लावतात आणि राज्याचा दारूबंदी कायदाही. केंद्राच्या कायद्याला एक कोर्ट आणि राज्याच्या कायद्याला दुसरं, अशी वाटणी आपल्याकडे नाही. तिथून अपील वर वर जात दिल्लीला पोचतं.

अमेरिकेत मात्र दोन वेगळी घरं आहेत. 50 राज्यांपैकी प्रत्येकाचं स्वतःचं संविधान आहे, स्वतःची खालची-वरची कोर्टं आहेत आणि स्वतःचं सर्वोच्च न्यायालयही आहे. त्यांच्या शेजारी संघराज्याची कोर्टं: 94 जिल्हा न्यायालयं, 13 अपील न्यायालयं आणि वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट. संघराज्याच्या न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, मान्यता देते आणि तो तहहयात बसतो. राज्यांत पुष्कळ ठिकाणी न्यायाधीश चक्क निवडणुकीला उभा राहतो. खून, चोरी, घटस्फोट, घरभाडं, अपघात हे लोकांच्या रोजच्या आयुष्यातले तंटे बहुतांशी राज्याच्याच कोर्टात सुटतात.

या दोन्ही घरांत ज्यांनी न्यायदान केलं, त्या सँड्रा डे ओकॉनर यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. मला जास्त मोलाची वाटतात ती त्याआधीची राज्यातली वर्षं.

जन्म 1930 चा. बालपण ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरच्या रानातल्या गुरांच्या वाड्यावर गेलं. सुरुवातीच्या वर्षांत घरात वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. 1952 मध्ये स्टॅनफर्डची कायद्याची पदवी घेतली, वर्गात अगदी वरच्या नंबरात, आणि वकिलाची नोकरी कोणी देईना. एका मोठ्या फर्मने सेक्रेटरीचं काम देऊ केलं. तेव्हा त्या कॅलिफोर्नियात सॅन मातेओ काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सरकारी वकिलाकडे गेल्या आणि म्हणाल्या, सुरुवातीला पगार नसला तरी चालेल, बसायला जागा द्या. पुढे ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात बाजारपेठेतलं छोटं वकिलीचं ऑफिस, तीन मुलगे, राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या हाताखाली सहायक ॲटर्नी जनरलची नोकरी, 1969 मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये नेमणूक. 1973 मध्ये त्या तिथल्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात स्त्रीला ते पद तोवर मिळालं नव्हतं.

आणि मग त्या 1974 मध्ये फीनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाची निवडणूक लढल्या. नाव सुपीरियर, पण हे खटले चालवणारं खालचं कोर्ट. आमदारकी, पक्षाचं नेतेपद सोडून खालच्या कोर्टात! इथे मी थोडा थांबतो, कारण माझी स्वतःची वकिली खालच्या कोर्टातच झाली आहे. तिथे माणूस समोर उभा असतो. खोटे चेक दिल्याबद्दल दोषी ठरलेली एक बाई, लहान मुलांची आई, त्यांच्यासमोर आली. ओकॉनरबाईंनी तिला तुरुंगवास सुनावला आणि चेंबरमध्ये जाऊन त्या रडल्या. शिक्षा मात्र बदलली नाही. अपिलाच्या कोर्टात फक्त कागद येतात. ज्याने असा दिवस काढला आहे, तो ते कागद वेगळ्या नजरेने वाचतो, असं मला मनापासून वाटतं.

1979 मध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी त्यांना राज्याच्या अपील न्यायालयात नेमलं. बॅबिट डेमोक्रॅट, बाई रिपब्लिकन. दोन वर्षांत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पुढे केलं आणि सिनेटने 99 विरुद्ध 0 मतांनी ते मान्य केलं. संघराज्याच्या कुठल्याही कोर्टात त्या आधी एक दिवसही बसलेल्या नव्हत्या.

राज्यातला तो अनुभव कुठे दिसतो? 1983 चा मिशिगन विरुद्ध लाँग हा निकाल वाचा. रात्रीची वेळ, गाडी खड्ड्यात गेलेली, पोलिसांनी आत पाहिलं तर गांजा. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरवली. प्रश्न असा, की हा निकाल राज्याच्या संविधानावर उभा आहे की संघराज्याच्या? राज्याच्या असेल तर वॉशिंग्टनला त्यात हात घालता येत नाही. बाईंनी लिहिलं: आमचा आधार राज्याचाच कायदा आहे, असं राज्याच्या कोर्टाने निकालात स्पष्ट सांगावं, आम्ही त्याला हात लावणार नाही. संदिग्ध ठेवलंत तर मात्र आम्ही तपासू. काहींना हा राज्यांवरचा हस्तक्षेप वाटला. मला वाटतं, राज्याच्या न्यायाधीशाच्या हातात त्यांनी स्वतःच्या घराची किल्लीच दिली.

पुढची 20 वर्षं पाच विरुद्ध चार अशा कितीतरी निकालांत पाचवं मत त्यांचं होतं. 1992 चा गर्भपाताचा निकाल, 2003 चा मिशिगन विद्यापीठातल्या प्रवेशांचा. ते सगळं तुम्ही अभ्यासक्रमात वाचाल. एका ठिकाणी मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. 2000 मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुरू करवलेली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या मतांची फेरमोजणी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने थांबवली, तेव्हा त्या बहुमतात होत्या. राज्याच्या कोर्टाचा मान जपणाऱ्या बाईंनी तिथे तो जपला नाही. 2013 मध्ये त्या स्वतःच म्हणाल्या, की कदाचित ते प्रकरण कोर्टाने घ्यायलाच नको होतं.

नवऱ्याला अल्झायमर झाला म्हणून त्यांनी 2006 मध्ये पद सोडलं. पण काम सुटलं नाही. संघराज्याच्या अपील न्यायालयांत पाहुण्या न्यायाधीश म्हणून त्या बसत राहिल्या आणि राज्याराज्यांत फिरून सांगत राहिल्या, की न्यायाधीश मतपेटीतून निवडू नका. स्वतः निवडून आलेली बाई हे सांगत होती. सप्टेंबर 2010 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, त्या आयोवा राज्यात बोलायला गेल्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आदल्या वर्षी समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती आणि त्यातल्या तीन न्यायाधीशांना ठेवायचं की नाही, यावर मतदान होणार होतं. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तिघांनाही घरी पाठवलं.