दोष हजर असताना

[दृश्य: उद्यमनगर, कोल्हापूर. गॅरेजचे शटर वर जाते.]

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम, ऑइल इंजिने आणि सुटे भाग यांची परंपरा जुनी आहे. याच वस्तीतल्या या गॅरेजमध्ये मोटारींच्या फक्त विजेच्या तक्रारी पाहिल्या जातात, आणि त्यांतही इतरत्र न सापडलेल्या दोषांची गर्दी अधिक असते. रत्नागिरीहून आलेली ही पेट्रोल मोटार आंबा घाट चढताना मधूनच बंद पडते. ती दरवेळी बंद पडत नाही, हीच खरी अडचण आहे. थोड्या वेळाने सेल्फ मारला की इंजिन पुन्हा चालू होते, आणि गॅरेजमध्ये आणून उभी केली की दोषाचा मागमूसही उरत नाही.

[दृश्य: डिकीतले खोके. मिस्त्री एकेक भाग बाकावर मांडतात.]

पेट्रोल पंप, इग्निशन कॉइल आणि इंजिनच्या दंडाचे फिरणे टिपणारा क्रँक सेन्सर हे तिन्ही भाग आतापर्यंत बदलून झालेले आहेत. मालकांनी जुने भाग टाकून न देता जपून ठेवले, हे फार बरे केले. मिस्त्रींनी ते एकामागून एक तपासले, आणि तिन्ही भाग शाबूत निघाले. पुराव्याशिवाय भाग बदलण्याची ही पद्धत आज इतकी रूढ झाली आहे की ग्राहकही तिलाच दुरुस्ती समजतो. या गॅरेजचे काम मात्र आधी विचारपूस करून सुरू होते.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न साधा होता: “साहेब, गाडी बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारून पाहिलात का कधी?” मालकांनी तसे कधी केले नव्हते. इंजिन गरम झाल्यामुळे असे होते, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते, म्हणून ते दरवेळी बोनेट उघडून गाडी थंड होईपर्यंत थांबत असत. दोष उष्णतेचा असावा हा निष्कर्ष या सवयीतून निघाला होता, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीने तो गृहीत धरला.

[दृश्य: स्टीअरिंगखालचा सोळा पिनांचा कपलर. स्कॅनर जोडला जातो.]

आपल्याकडे २०१३पासून विकल्या गेलेल्या मोटारींमध्ये स्वतःचे दोष नोंदवणारी व्यवस्था अधिक काटेकोर झाली. गाडीतल्या संगणकाला एखाद्या सेन्सरचा संकेत चुकीचा वाटला की तो त्या दोषाचा कोड साठवतो, आणि अनेकदा त्या क्षणीचा वेग, तापमान व इंजिनवरचा भारही सोबत नोंदवतो. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझवून गाडी परत देण्याच्या घाईत कित्येक गॅरेजांत नेमका हाच पुरावा नष्ट होतो, आणि याविषयी बोलताना मिस्त्रींचा आवाज चढतो तो उगाच नव्हे.

सुदैवाने शेवटच्या बंद पडण्याची नोंद अजून शिल्लक होती. कोड होता पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या वायरिंगमध्ये किंवा संकेतात खंड. पाण्याचे तापमान ९१ अंश, म्हणजे अगदी नेहमीचे. इंजिनवरचा भार मात्र ८६ टक्के. गाडी तापल्यामुळे नव्हे, तर ओझे ओढताना बंद पडत होती, असे ही नोंद सुचवत होती.

[दृश्य: बॅटरी, मीटरच्या पिना. सेल्फ मारला जातो.]

तरीही मिस्त्री थेट सेन्सरकडे वळत नाहीत. बॅटरी आणि अर्थिंग, म्हणजे इंजिनमधून बॅटरीकडे प्रवाह परत नेणारी जोडणी, तपासल्याखेरीज पुढे जायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. उभ्या गाडीत बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट भरला. त्यानंतर मीटरची एक पिन इंजिनच्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून सेल्फ मारला गेला. शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह वाहत असतानाच अर्थिंगची खरी परीक्षा होते, कारण जाड वायरीचे बहुतेक धागे तुटले आणि एकच उरला तरी नुसत्या बीपवर तपासणारा मीटर ती वायर चांगली ठरवतो. इथे दाबाची घट नगण्य निघाली, म्हणजे इंजिनचे मुख्य अर्थिंग निर्दोष होते.

[दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा. चौकोनी लहरी.]

आता विजेचा दाब क्षणाक्षणाला रेखाटणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर क्रँक सेन्सरचा संकेत दिसतो आहे. या इंजिनच्या दंडाबरोबर फिरणाऱ्या चाकावर साठ दातांची जागा आहे, पण त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले आहेत, आणि त्या मोकळ्या जागेवरून संगणकाला पिस्टनची स्थिती कळते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात उरलेल्या ५८ दातांचे सेकंदाला २,९०० ठोके येतात. साधा मीटर सेकंदात मोजक्याच वेळा आकडा बदलत असल्यामुळे त्याला यांतला एखादा हरवलेला ठोका दिसणे शक्य नाही. ऑसिलोस्कोपवर मात्र तो लपत नाही.

या सेन्सरला तीन वायरी आहेत: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि संकेत. मिस्त्रींनी बारीक पिना कपलरच्या मागच्या बाजूने, वायरींच्या कडेने सरकवून तिन्ही वायरी पडद्यावर घेतल्या. एकाही वायरीचे वेष्टन त्यांनी टोचले नाही, ही गोष्ट प्रेक्षकांनी लक्षात ठेवावी.

आधी हेअर ड्रायरने सेन्सर तापवून पाहिला. लहरी जशाच्या तशा राहिल्या. त्यानंतर मदतनीस गाडीत बसला आणि चाकांना ओट लावून, ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये त्याने क्लच हळूहळू सोडला. भार येताच इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलले.

[दृश्य: इंजिन कलते. त्याच क्षणी पडद्यावरची लहर सपाट होते. संथ गतीने पुन्हा.]

दोष हजर झाला. संकेताची लहर पाच व्होल्टवर सपाट झाली, पुरवठा जागचा हलला नाही, आणि अर्थच्या वायरीवर शून्याजवळ असायला हवा तो दाब एकदम वर चढला. याचा अर्थ सेन्सर आणि पुरवठा दोन्ही ठीक होते, आणि इंजिन कलल्यावर अर्थची वायर आतून तुटत होती. इंजिन जागेवर आले की तुटलेली टोके पुन्हा टेकत असत. गाडी उभी असताना मीटर ती वायर चांगली का दाखवत होता, याचे उत्तर यात आहे.

[दृश्य: वायर दोन बोटांत. वेष्टन सोलले जाते, आतले तांबे हिरवे.]

शाबूत वायर ओढली तर ताणली जात नाही, पण ही वायर ब्रॅकेटजवळ एका जागी रबरासारखी लांबते, कारण तिथे फक्त वेष्टन उरले आहे. वेष्टन सोलल्यावर आत हिरवी पूड सापडली, आणि त्याच जागी वेष्टनावर सुईएवढे भोकही होते. पूर्वी कोणीतरी टेस्ट लॅम्पची टोकदार पिन तिथे खुपसली होती. त्या भोकातून कोकणातला पाऊस आणि खारट दमट हवा आत शिरली, तांबे हळूहळू खाल्ले गेले, आणि प्रत्येक चढावर इंजिनच्या हिसक्यांनी उरलेले धागे तुटत गेले. दोष शोधायला लावलेल्या पिनेनेच हा दोष निर्माण केला. वायर टोचून तपासायची वेळ खरोखर आलीच तर ते भोक लगेच, त्याच दिवशी बंद केले पाहिजे, आणि हे शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवले पाहिजे.

मिस्त्रींनी खराब भाग कापून त्याच जाडीची नवी वायर जोडली, सांध्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली, आणि इंजिनच्या हालचालीला पुरेल एवढी ढील ठेवून वायर नव्याने बांधली. भर चढावर इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदत पेडल काही वेळा दाबताच संपते, म्हणून अशा दोषाला किरकोळ समजू नये. त्यानंतर तीच परीक्षा पुन्हा घेतली गेली आणि इंजिन कितीही कलले तरी सगळे ठोके पडद्यावर येत राहिले.

[दृश्य: बिल लिहिले जाते.]

बिलात वायर आणि स्लीव्ह यांची रक्कम फारच थोडी आहे. तपासणीच्या मजुरीची ओळ वेगळी लिहिलेली आहे आणि तीच सर्वांत मोठी आहे. मालकांनी ती एकदा वाचली आणि काही न विचारता पैसे दिले.