ऐनवेळचे विषय

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘विद्यापीठाच्या कारभारात वकिलाचं काय काम?’ त्यावर येतोच. पण एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर मी एक मुदत काढलीय, आणि ऐकून घेणारे लोक समोर असले की ऐनवेळच्या विषयांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

सोसायटीच्या सभांना जाणाऱ्यांना ठाऊक असेल. कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ असते, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. आमच्याकडे सकाळी दोन तास कुठल्याशा अभ्यास मंडळाच्या सदस्याच्या प्रवासभत्त्यावर खल चाले. मग जेवण. आणि श्रीखंड-पुरीनंतर, निम्मे सदस्य पेंगत असताना, एकेक कागद हातात पडे. त्या दिवशी पडला तो उत्तरपत्रिकांच्या छपाईचा. निविदेला मुदतवाढ, वाढीव दराने. मी विचारलं, तुलनात्मक तक्ता कुठाय? कुलगुरू हसून म्हणाले, “वकीलसाहेब, हे कोर्ट नाही.” म्हटलं, “म्हणूनच विचारतोय सर. कोर्टात कागद आधी मिळतो.” हशा झाला (तुम्ही आत्ता हसलात त्यापेक्षा जरा जास्तच) आणि ठराव मंजूर झाला. मी म्हटलं, माझा विरोध नोंदवा. कुलसचिवांनी मान डोलावली.

पुढच्या बैठकीआधी इतिवृत्त आलं. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ माझा विरोध कुठेच नाही! मी लेखी दुरुस्ती दिली. तर इतिवृत्त कायम करण्याचा विषयच पुढे ढकलला. त्यापुढच्या बैठकीत पुन्हा तेच. अखेर एक ओळ छापली गेली, ‘एका सदस्याने भिन्न मत मांडले’. नाव नाही, मत काय तेही नाही. पण लेखापरीक्षकाने नेमकी तीच ओळ धरली आणि फाईल मागवली.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मूळ मुद्दा. विद्यापीठात वकील हवा तो खटले चालवायला नाही, त्याला पॅनेलवर वकील असतात. तो हवा कागद वाचायला आणि मतभेद नोंदवून ठेवायला. परंपरा आपलीच आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हायकोर्टात वकील, मग न्यायाधीश, आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. पुढच्याच वर्षी गेले. रानडेही कायद्याचेच. विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला जागा मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले. व्हाइसरॉय कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, शंभर सदस्यांची मर्यादा घातली आणि बहुतेक फेलो, म्हणजे तिचे सदस्य, सरकारनियुक्त केले, तेव्हा विरोधात उभे राहिले फिरोजशहा मेहता, बॅरिस्टर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जयकर, तेही बॅरिस्टर. प्रत्येकावर तासभर बोलायचं होतं, राहिलं.

शेवटचं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. इथे पदवीधर किती? सगळेच. मतदार म्हणून नोंदणी किती जणांची? हं. तिसऱ्या रांगेत एक हात दिसतोय, तोही अर्धाच वर आहे. अर्जाला पदवी प्रमाणपत्राची प्रत लागते. घरी गेल्यावर ते कुठल्या कपाटात आहे तेवढं शोधा. प्रश्न असतील तर विचारा, ऐनवेळचेसुद्धा चालतील.