जेवण दिलंत, आता पुढचं

नमस्कार श्रोतेहो. जटा वाढलेला, अंगावर चिंध्या, स्वतःशीच बडबडणारा माणूस फुटपाथवर आपण सगळ्यांनी पाहिलाय. कुणी त्याला खायला देतं, कुणी वळसा घालून जातं. पण तो मनानं आजारी असू शकतो, आणि हा आजार औषधानं आटोक्यात येतो. पुन्हा सांगते, औषधानं आटोक्यात येतो.

डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची गोष्ट मी जिथे जाते तिथे सांगते. दोघंही मानसोपचारतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात एकदा मुंबईत हॉटेलात बसले होते. समोर रस्त्यावर एक तरुण, नुसता हाडांचा सापळा. त्यानं नारळाची करवंटी गटारात बुडवली आणि ते पाणी प्यायला. गटाराचं पाणी, श्रोतेहो! दोघांनी त्याला आपल्या छोट्याशा दवाखान्यात नेलं. स्किझोफ्रेनिया निघाला, म्हणजे भास होतात, भलतेच संशय येतात असा मनाचा आजार. औषधं सुरू झाली, हळूहळू तो बोलायला लागला. आणि कळलं काय, तर पोरगा बी.एस्सी. झालेला, वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा! वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी. घरचा पत्ता लागला आणि तो आपल्या माणसांत परत गेला. त्यातूनच १९८८मध्ये रस्त्यावरच्या अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणारं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं, पुढे कर्जतला केंद्र झालं, २०१८मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जाता जाता एक बोलते. ब्लँकेट देताना त्या माणसाचे फोटो काढणं मला अजिबात पटत नाही. त्याला कुणी विचारलेलं नसतं. त्यापेक्षा शेजारी बसून नाव विचारा, गाव विचारा. असाच एखादा शब्द घराचा माग काढायला पुरतो.

आणि पोलिसांना कळवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षण देणं पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. लक्षात ठेवा, लॉकअप नाही, दवाखाना.

आता ज्यांच्या घरी असं माणूस परत आलंय, त्यांच्यासाठी. दोन महिने तो शांत झोपतो, नीट जेवतो, मग घरातलंच कुणी म्हणतं, "बरा झालाय की, आता गोळ्या कशाला?" तिथेच घात होतो. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. तो स्वतः नको म्हणाला तरी ओरडू नका. डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा, सुस्ती येते का, हात थरथरतात का, ते सांगा. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते.