लाइट बोनस आनाले गेली

(अंधार. दुरून जनरेटरची खटपट.)

रात्रीचा दीड. ब्रह्मपुरीच्या पुढचं एक गाव, मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, रात्र. दिवसा इथं शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला. बैल केव्हाचे गोठ्यात गेले, माणसं मात्र चादरी पांघरून मंडपात बसलीत. नाटक दहाचं होतं, पडदा उघडला साडेअकराला. झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, याची कोणी तक्रार करत नाही. उजाडेपर्यंत बसायचंच असतं.

आणि भर प्रवेशात लाइट गेली. माइकही गेला. दोन क्षण सगळं चूप. मग स्टेजवरून उघड्या गळ्याचा आवाज आला:

"घाबरू नका गा! लाइट गेली नाई. धानाचा बोनस आनाले गेली. दोघंई संगच येतीन!"

बोनस म्हणजे धानाच्या भावावर सरकारकडून मिळणारी जादा रक्कम, तिची वाट सगळेच बघतात. जनरेटर सुरू झाला तरी हसू थांबेना.

हा माणूस भाऊबीजेपासून होळीपर्यंत, जवळजवळ रोज, कुठल्या ना कुठल्या गावात विनोदी पार्ट करतो. मंडळ वडशाचं. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. नाटक ठरवायला गावोगावचे लोक इथंच येतात. याच रंगभूमीवर लोकांना हसवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमचा माणूस तेवढा नामांकित नाही, शिवाय 'नाव नका टाकू' म्हणाला. आपण त्याला भाऊच म्हणू.

आमच्या कॅमेऱ्याच्या पोरांना सोळा व्यक्तिमत्त्व-प्रकारांचा भारी नाद. मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं, १९२१ सालचं. माणूस जग टिपतो ते संवेदनाने (डोळ्या-कानांनी) किंवा अंतःप्रज्ञेने (मनाच्या अंदाजाने), निवाडा करतो तो विचाराने किंवा भावनेने. या चार क्रियांतली प्रत्येक बाहेर वळलेली असेल नाहीतर आत. चार दुणे आठ. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्यावरून चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार बसवले. प्रत्येक प्रकारात या क्रियांचा क्रम ठरलेला.

पोरांनी निकाल अंधारातच देऊन टाकला. भाऊ ईएनटीपी! लाइटवरून थेट बोनसवर उडी, म्हणजे बहिर्मुख अंतःप्रज्ञा सगळ्यात पुढे. मला तो ईएसएफपी वाटत होता, समोर पडलं ते तिथल्या तिथं झेलणारा.

दोघंही चुकलो.

(विंगेतला बल्ब. पत्र्याची पेटी. खोबरेल तेलाची बाटली.)

पहाटे भाऊ तोंडाला तेल चोळून रंग काढत होता. शब्द नाही. तीन तास त्याच्यासोबत बसलेल्या पेटीवाल्याशीही नाही. मग पत्र्याच्या पेटीतून त्याने एक वही काढली, दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. गाव, तारीख, काय चाललं, काय पडलं. 'सिंदेवाही, सासूवाला चालला. बायका जास्त.' 'आरमोरी, थंडी लय, लोक लवकर उठले.' पानं उलटता उलटता मी थांबलो. दोन सालांआधी, कुरखेड्याकडचं एक गाव: 'लाइट गेली. बोनस म्हनलो. लय चालला.'

म्हणजे आम्ही ज्याला उडी म्हणत होतो ती साठवण होती. या प्रकारांच्या भाषेत अंतर्मुख संवेदन: अनुभव आत जपून ठेवायचा आणि तशीच वेळ आली की नेमका तोच बाहेर काढायचा.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक. गावात पोचल्यावर चहाच्या आधी भाऊने गावातल्या मंडळाच्या माणसाला विचारलं होतं, "गावात काई झालं का गा?" परवा एक म्हातारा गेला होता. नाटकात तिरडीवरचा एक हुकमी विनोद आहे, प्रॉम्प्टर त्याची ओळ दोनदा पुटपुटला. भाऊने ऐकलंच नाही असं केलं. समोरच्यांच्या मनाचा अंदाज घेऊन वागणं, ही बहिर्मुख भावना.

आत वळलेलं संवेदन पहिलं आणि बाहेर वळलेली भावना दुसरी, तर हिशोब आयएसएफजे निघतो. गंमत अशी, की ईएनटीपी आणि आयएसएफजे यांच्यात चारही क्रिया त्याच असतात, फक्त क्रम उलटा. एकाची पहिली ती दुसऱ्याची शेवटची. पोरांनी माणूस बरोबर ओळखला होता, फक्त उलटा धरला होता.

या प्रकारांवर मानसशास्त्रातल्या अभ्यासकांचा फारसा भरवसा नाही, हेही सांगायला हवं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. आम्ही भाऊला चहाच्या टपरीवर मोबाइलवर ती चाचणी दिली. पहिलाच प्रश्न: पार्टीत अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का?

"पार्टी म्हंजे? इलेक्शनवाली?"

नाही हो भाऊ, लोक जमतात ती.

त्याने बराच विचार केला. "नाटक असन त्या दिवशी आवडते. बाकी दिवशी नाई."

असा पर्याय तिथं नव्हता. पोराने 'नक्की सांगता येत नाही'वर बोट दाबलं. भाऊ चहा संपवून गाडीकडे निघाला.

(गाडीची खिडकी. धुकं. कापलेल्या धानाच्या बांध्या.)

पुढचं गाव नागभीडकडचं. बाकी कलाकार माना टाकून झोपलेत. भाऊने वही मांडीवर घेतलीय, गाडी खड्ड्यांत उडते तशी अक्षरं उडतायत. कालच्या गावाचं नाव. तारीख. 'लाइट गेली. बोनस चालला.' पेन टोपणात घालता घालता पुन्हा काढतो, आणि खाली लिहितो: 'पुढच्या साली इथं नको.'